मणक्यातले पाणी : एका समजुतीचा इतिहास

हे टिपण वाचण्याबरोबर एक छोटे काम करा. आज रात्री झोपण्यापूर्वी अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. डोक्यावर एक वही आडवी ठेवा आणि खोलीतल्या मित्राला पेन्सिलीने खूण करायला सांगा. उद्या सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर, तोंड धुण्याच्याही आधी, त्याच जागी पुन्हा खूण करा. सकाळची खूण वर असेल. कोणाची एक सेंटिमीटर, कोणाची दीड, एखाद्याची जवळजवळ दोन. आमच्या वसतिगृहात मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हा उद्योग करायला लावतो, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतेच, "सर, टेप चुकली." टेप चुकलेली नसते.

रात्रीत वाढलेली ती उंची म्हणजे पाणी आहे. दिवसभर मणक्यांमधल्या गाद्यांतून पिळून निघालेले आणि रात्री परत आत शिरलेले पाणी. ते कुठून येते, कशाच्या जोरावर आत टिकते आणि आपण प्यायलेल्या ग्लासाशी त्याचा नेमका किती संबंध आहे, हे माणसाला उलगडायला पावणेतीनशे वर्षे लागली. ती वाटचाल या टिपणात थोडक्यात पाहू.

मी मृदा यांत्रिकी शिकवतो. मी डॉक्टर नाही. या विषयात पडलो तो स्वतःच्या पाठीमुळे. एक्केचाळिसाव्या वर्षी कंबर धरली, एमआरआय काढला आणि अहवालात एक शब्द दिसला : 'डेसिकेशन'. म्हणजे शुष्कता, वाळणे. कंबरेच्या खालच्या दोन चकत्या वाळल्या आहेत, एवढाच अर्थ मला लागला. स्टाफरूममध्ये अहवाल दाखवला तेव्हा एका सहकाऱ्याने तिथल्या तिथे निदान केले, "सर, तुम्ही पाणी कमी पिता. रोज चार लिटर सुरू करा." गावाकडे याच दुखण्याला 'मणक्यात गॅप आलाय' म्हणतात, आणि उपायही तोच सांगतात. वाळले आहे तर पाणी घाला, मग ते झाड असो की मणका. मीही दोन लिटरची बाटली घेऊन वर्गात जाऊ लागलो. दीड महिन्यात फरक पडला तो एवढाच की पन्नास मिनिटांचा तास मला सलग घेता येईना. तेव्हा मग वाचायला घेतले.

एका धर्मगुरूचे पत्र

इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातल्या एन्हो या गावी जोसेफ वॉस नावाचे धर्मगुरू होते. १७२४ साली त्यांचे एक पत्र रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स'मध्ये छापले गेले. ते लिहिले होते लंडनचे नामवंत वैद्य रिचर्ड मीड यांना. न्यूटन तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष होते; म्हणजे तुम्ही पहिल्या वर्षी ज्यांचे नियम घोकले त्यांच्या हयातीतली ही गोष्ट. पत्राचा विषय एवढाच की माणूस सकाळी जेवढा उंच असतो तेवढा रात्री नसतो. वॉस यांनी कारणाचा अंदाजही केला होता : उभ्या शरीराच्या भाराखाली मणक्यांमधल्या कूर्चा दबत असाव्यात.

अंदाज बरोबर होता. आपल्या कण्यात अशा तेवीस चकत्या असतात. कण्याच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा हाडाचा नसून या चकत्यांचा असतो. प्रत्येक चकतीला बाहेरून तंतूंची एकावर एक वलये असतात आणि मध्ये जेलीसारखा मऊ गाभा. वलये म्हणजे टायर आणि गाभा म्हणजे आतली भरलेली ट्यूब, अशी कल्पना केली तरी सध्या चालेल. पण 'दबते' म्हटले की पुढचा प्रश्न येतो. पदार्थ दबला तर त्यातून काही तरी बाहेर जायला हवे किंवा तो बाजूने फुगायला हवा. मग इथे काय होते? हा प्रश्न नीट विचारला जायला दोनशे वर्षे गेली. उंचीतला फरक लोकांना गमतीचा वाटत राहिला, यापलीकडे फारसे काही झाले नाही.

१९३० साली जर्मनीत प्यूशेल या संशोधकाने मृतांच्या चकत्यांतला पाण्याचा अंश मोजून प्रसिद्ध केला. मातीतला ओलावा जो आपण प्रयोगशाळेत काढतो, त्याच जातीचा हा प्रश्न : एकूण वजनात पाणी किती? नवजात बालकाच्या गाभ्यात पाणी सुमारे ८८ टक्के निघाले. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या गाभ्यात ते ६९ टक्क्यांच्या आसपास होते. बाहेरच्या वलयांत घट बरीच कमी, ७८ वरून ७० पर्यंत. म्हणजे 'वय झाले की मणके वाळतात' या म्हणण्याला आकडा मिळाला. पाच वर्षांनी, १९३५ मध्ये, डी पुकी यांनी ५ ते ९० वयाच्या १,२१६ माणसांची सकाळ-संध्याकाळची उंची मोजली. सरासरी फरक १५.७ मिलिमीटर भरला. मुलांमध्ये तो उंचीच्या मानाने जास्त होता, म्हाताऱ्यांमध्ये कमी. ही शेवटची नोंद लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच सुमारास चकतीला एकदम प्रसिद्धी मिळाली, ती मात्र वेगळ्याच कारणाने. बोस्टनचे दोन शल्यचिकित्सक, मिक्स्टर आणि बार, यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले की पाय जाळत जाणाऱ्या सायटिकाच्या अनेक रुग्णांत मज्जारज्जूच्या पोकळीत सापडणारी गाठ, जिला आधी कूर्चेची अर्बुदे समजत होते, ती प्रत्यक्षात फुटून बाहेर आलेली चकती असते. शोध मोठा होता. पण त्यानंतरची काही दशके अशी गेली की पाठ दुखली की चकतीवर आरोप. आपल्याकडचे 'गादी सरकली' हे त्याच काळाचे देणे.

जास्त पाणी झाले म्हणून दुखते?

आता एक मजेशीर वळण. जॉन चार्नली हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना खुब्याचा कृत्रिम सांधा बसवणारे म्हणून ठाऊक असते. त्याच्या बऱ्याच आधी, १९५२ साली, त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक लेख लिहिला. चकतीच्या गाभ्याला पाणी शोषून फुगण्याची ओढ असते, हे त्यांना दिसले होते. त्यावरून त्यांनी मांडले की अचानक कंबर धरण्याचे कारण गाभ्याने जास्तीचे पाणी ओढून घेणे हे असू शकेल. म्हणजे आज आपल्याला सांगतात की पाणी कमी पडल्यामुळे पाठ दुखते, आणि सत्तर वर्षांपूर्वी एक पहिल्या प्रतीचा शल्यचिकित्सक म्हणत होता की पाणी जास्त झाल्यामुळे दुखते. चार्नली यांची ही उपपत्ती टिकली नाही. पण तिने एक गोष्ट पक्की केली : चकती पाणी नुसते साठवत नाही, ओढते. १९५८ मध्ये हेंड्री यांनी हाच धागा पुढे नेला आणि खरा प्रश्न पटलावर आणला. गाभ्यात पाणी किती आहे यापेक्षा भार असताना गाभा ते किती धरून ठेवू शकतो, हे महत्त्वाचे.

इथे मला माझा विषय आठवतो. तिसऱ्या वर्षाला तुम्ही संपृक्त चिकणमातीचे दृढीकरण शिकता किंवा शिकाल. कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात इस्तंबूलमध्ये शिकवत असताना ते मांडले. मातीवर इमारतीचा भार आला की तो आधी रंध्रांतल्या पाण्यावर येतो. पाणी हळूहळू बाहेर झिरपते, तसा भार मातीच्या कणांवर जातो आणि थर खचतो. हे व्हायला वेळ लागतो, कारण चिकणमातीतून पाणी सहज वाहत नाही. मणक्यातली चकती हुबेहूब असेच वागते. तुम्ही सकाळी उभे राहता, भार आधी गाभ्यातल्या पाण्यावर येतो, पाणी झिरपू लागते, चकती बसते. कूर्चेसाठी हेच गणित १९८० मध्ये मौ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर मांडले : घन भाग एक, द्रव भाग एक, दोघे मिळून भार पेलतात. फरक एवढाच की इमारत रात्री उठून बाजूला झोपायला जात नाही. चकतीवरचा भार रोज उतरतो, आणि मग पाणी परत येते.

ते परत का येते, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. गाभ्यात कोलॅजनची विरळ जाळी असते आणि त्या जाळीत प्रोटिओग्लायकन नावाचे प्रचंड रेणू अडकलेले असतात. या रेणूंवर ऋण विद्युतभार असतात. ते जागचे हलू शकत नाहीत, म्हणून धन भाराचे सोडियम आयन आत ओढले जातात. आत आयनांची दाटी बाहेरच्यापेक्षा जास्त झाली की परासरणाने पाणी आत येते. अडकलेल्या भारांमुळे दोन बाजूंना असा असमतोल कसा राहतो, याचा सिद्धान्त फ्रेडरिक डॉनन यांनी १९११ मध्ये दिला. (डॉनन यांचा जन्म कोलंबोचा, त्याचा इथे काही संबंध नाही, पण मला आवडते म्हणून सांगितले.) लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये ॲलिस मारूदास आणि त्यांच्याबरोबर जोसेलिन अर्बन यांनी १९७० च्या दशकापासून हे चकतीला लावून दाखवले. अर्बन आणि मॅकमलिन यांनी १९८८ मध्ये माणसाच्या कंबरेच्या चकत्यांचा फुगण्याचा दाब मोजला. त्यातून चित्र असे दिसते : एका बाजूला गाभ्याची फुगण्याची ओढ, दुसऱ्या बाजूला शरीराचा भार आणि वलयांचा ताण. दोघे बरोबरीला आले की पाण्याची ये-जा थांबते. भार वाढला की पाणी बाहेर. पण जसे ते बाहेर जाते तसे उरलेले ऋण भार जवळ येतात, ओढ वाढते आणि गळती आपोआप मंदावते. उतारवयात प्रोटिओग्लायकन तुटतात, त्यांचे तुकडे निसटून जातात, ओढच कमी होते.

आता घरातले उदाहरण घ्या. रात्री हरभरे भिजत घातले की सकाळी ते टम्म फुगतात. त्यात एखादा गणंग दाणा असतोच. तो वाटीभर पाण्यात ठेवा की बादलीभर पाण्यात, सकाळी तसाच टणक. वाळलेल्या चकतीची अडचण बाहेर पाणी कमी असण्याची नाही, तिची पाणी धरण्याची ताकद गेली आहे, ही आहे. एमआरआय अहवालातला 'डेसिकेशन' हा शब्द हे सांगत नाही. तो फक्त 'कोरडे' म्हणतो, आणि आपण बाटली उचलतो.

दाब मोजणारी सुई

हे सगळे मृतदेहांतल्या चकत्यांवरून आणि समीकरणांवरून. जिवंत माणसात? स्वीडनमधल्या गोटेबर्गचे आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कंबरेच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. त्यांचा एक निष्कर्ष जगभर गाजला : उभे राहण्यापेक्षा बसण्यात चकतीवर जास्त दाब येतो. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म येथे विल्के आणि सहकाऱ्यांनी एका ४५ वर्षांच्या स्वयंसेवकाच्या चौथ्या-पाचव्या कटिमणक्यांमधल्या चकतीत दाबमापक ठेवला आणि तो घेऊन त्याला दिवसभराची कामे करायला लावली. शिथिल बसताना दाब ०.४६ मेगापास्कल, उभे असताना ०.५. म्हणजे बसणे वाईट, ही जुनी समजूत तितकी सरळ राहिली नाही. एकाच माणसावरची मोजणी आहे, हे विसरू नका. तरीही असे काम पुन्हा कोण करू देणार?

या मोजणीतला माझा आवडता आकडा झोपेतला आहे. झोपताना दाब ०.१ मेगापास्कल होता. सात तासांच्या झोपेत तो वाढत वाढत ०.२४ पर्यंत गेला. माणूस निजलेला, भार वाढलेला नाही, तरी आतला दाब दुपटीहून अधिक. पाणी आत येत होते. वॉस यांच्या पत्रातली उंची १७२४ पासून चालत येऊन इथे सुईच्या टोकावर सापडली. १९८५ मध्ये टायरेल, रायली आणि ट्रूप यांनी आठ तरुणांच्या उंचीची बारकाईने नोंद ठेवली होती, तीही याच्याशी जुळते : दिवसभरात सरासरी १९.३ मिलिमीटर घट, त्यातली निम्म्याहून जास्त उठल्यानंतरच्या पहिल्या तासात, आणि रात्रीच्या पूर्वार्धातच सुमारे ७० टक्के भरपाई.

सगळे इतके नीटनेटके जुळले की मला शंका येते, आणि इथेही ती घेण्याजोगी आहे. अंतराळात भार जवळजवळ शून्य, तेव्हा चकत्या पाणी पिऊन खूप फुगत असाव्यात, असे अनेक वर्षे मानले गेले. १९७० च्या दशकातल्या स्कायलॅब मोहिमांपासून अंतराळवीरांची उंची वाढलेली दिसत होतीच. पण २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून परतलेल्या सहा जणांच्या एमआरआय तपासणीत कंबरेच्या चकत्यांची उंची सरसकट वाढलेली आढळली नाही. पाठीचे स्नायू मात्र लक्षणीय रोडावले होते. कणा म्हणजे नुसत्या पाण्याच्या पिशव्यांची उतरंड नव्हे, हे त्यावरून ध्यानात घ्या.

ग्लासाचे गणित

आता आपण प्यायलेल्या पाण्याकडे येऊ. चकतीत रक्तवाहिन्या नसतात. लहानपणी थोड्या असतात, त्याही निघून जातात. आत जाणारे पाणी आणि साखर, ऑक्सिजन वगैरे सगळे आजूबाजूच्या रक्तातून, वरखालच्या मणक्यांना चिकटलेल्या पातळ कूर्चेतून झिरपत येते. तेव्हा पाणी शेवटी रक्तातूनच येते, हे खरे. रक्तातले पाणी तुम्ही पिता त्यातून येते, हेही खरे. मग जास्त प्या, जास्त जाईल?

हिशेब करा. सत्तर किलोच्या तरुणाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असते. अर्धा लिटर पाणी तुम्ही घटाघटा प्यायलात, तर ते या ४२ लिटरमध्ये मिसळते. रक्ताची दाटी जेमतेम एका टक्क्याने उतरते. तेवढ्याने मेंदूतले संवेदक जागे होतात, मूत्र रोखणारे संप्रेरक कमी सुटते आणि तासा-दोन तासांत जास्तीचे पाणी बाहेर पडते. केंब्रिजच्या व्हर्नी यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हे संवेदक किती नाजूक आहेत ते दाखवले. चकतीतल्या दाबाच्या तुलनेत हा बदल क्षुल्लक असतो, आणि लहान आयन आतबाहेर जाऊ शकत असल्याने तोही टिकत नाही. मूत्रपिंडे इतकी चोख आहेत की चकतीपर्यंत तुमच्या बाटलीची बातमी पोहोचत नाही. माझ्या दीड महिन्याचा निकाल या एका परिच्छेदात आहे.

मग आठ ग्लासांचा दंडक आला कुठून? १९४५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढांसाठी दिवसाला अडीच लिटर पाण्याचा अंदाज दिला. लगेच पुढे असेही लिहिले होते की यातले बरेचसे पाणी शिजवलेल्या अन्नातच असते. हेन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञांनी २००२ मध्ये या दंडकाचा माग काढला तेव्हा त्यांना वाटले की लोकांनी पहिले वाक्य उचलले आणि दुसरे सोडून दिले, असे झाले असावे. आमटी-भात, ताक, कलिंगड, भाजी यांतले पाणी मोजायचे राहूनच गेले. १९९२ मध्ये फरेदून बात्मनगेलिज यांचे एक पुस्तक फार खपले. त्यात पाठदुखीसह कितीतरी दुखण्यांचे मूळ पाण्याची कमतरता हेच ठरवले होते. आज तुमच्या मोबाइलवर येणाऱ्या चित्रफितींमधले बरेचसे त्याच वळणाचे आहे.

एमआरआयनेही यात भर घातली. त्याच्या एका प्रकारच्या प्रतिमेत पाणी पांढरे दिसते, म्हणून पाण्याने भरलेला गाभा पांढरा आणि कमी पाण्याचा काळा. २००१ पासून फिरमन यांच्या पाच पायऱ्यांवर चकतीचा काळेपणा मांडतात. पण ही काळी चकती दुखतेच असे नाही. २०१५ मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी ३३ अभ्यास एकत्र केले. पाठ न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे ते होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्या भावांवरच्या १९९५ च्या अभ्यासात झिजेचा मोठा वाटा कामाच्या भारापेक्षा घराण्याकडे गेला. माझ्या वडिलांचीही कंबर धरत असे. तेव्हा एमआरआय नव्हता, म्हणून ती वाळली नाही.

इथे थट्टा थांबवतो, कारण एक गोष्ट गंभीर आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा पाठ दुखते म्हणून दोन महिने रोज पाच लिटर पाणी पीत होता. कोणी तरी सांगितले होते. संध्याकाळी अंग तापायचे, वजन उतरत होते, रात्री झोपेतही दुखायचे. त्याने ते अभ्यासाच्या ताणावर घातले. तपासणीत मणक्याचा क्षयरोग निघाला. हा आजार जुना आहे. इंग्लंडच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि आपल्या देशात तो अजून तुमच्या वयाच्या मुलामुलींना होतो. औषधे पूर्ण घेतली, मुलगा बरा झाला, एक सत्र गेले एवढेच. पण दोन महिने उशीर झाला होता, आणि तो उशीर पाण्याच्या बाटलीने केला होता. पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणे, रात्रीही न थांबणारे दुखणे असेल. पायातली शक्ती कमी होत असेल. जांघेत बधिरता येत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर पाणी पिऊन वाट पाहू नका. शेवटच्या तीन लक्षणांत तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचे असते.

पाणी कमी प्या, असे मी म्हणत नाही. पाठीत, बरगडीखाली कळ येऊन जांघेकडे उतरते ती अनेकदा मणक्याची नसून मुतखड्याची असते, आणि तिथे पाण्याचा गुण मोजून सिद्ध झाला आहे. इटलीत बोर्गी यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच वर्षांच्या चाचणीत, एकदा खडा होऊन गेलेल्यांपैकी भरपूर पाणी पिणाऱ्यांत सुमारे १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्क्यांना. उन्हात राबणाऱ्याला, ताप-जुलाब झालेल्याला पाणी हवेच. तहान लागेल तसे प्या, उन्हाळ्यात थोडे आधीच प्या, लघवी गडद होऊ देऊ नका. चकतीला लागते ते याहून वेगळे : रात्रीची पुरती झोप, दिवसा मध्येच भार उतरवणे, एकाच बैठकीत चार तास न बसणे. आणि एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली.

सकाळी चकती पाण्याने तट्ट भरलेली असते, म्हणून वाकायला कण्याचा विरोध जास्त असतो. ॲडम्स, डोलन आणि हटन यांनी १९८७ मध्ये दाखवले की पुढे वाकताना चकतीवर येणारा ताण सकाळी दिवसातल्या इतर वेळेपेक्षा कितीतरी पट असतो. १९९८ मध्ये स्नूक यांनी जुनी पाठदुखी असलेल्या लोकांना उठल्यानंतरचे पहिले काही तास कंबरेतून वाकणे टाळायला सांगितले. त्यांचे दुखणे कमी झाले. विल्के यांच्या मोजणीत २० किलोचे वजन पाठ वाकवून उचलताना दाब २.३ मेगापास्कलवर गेला होता, गुडघे वाकवून उचलताना १.७ वर. मोटारीच्या टायरमधल्या हवेशी ताडून पाहा, पहिला आकडा तिच्या दहापट भरेल.

हे वाचले आणि आमच्या मराठवाड्यातल्या गावाची पहाट आठवली. आई पाचला उठायची आणि सगळ्यात पहिले काम पाण्याचे. विहिरीवर वाकून शेंदायचे, हंडा भरायचा, तो वाकून उचलून डोक्यावर, कळशी कंबरेवर. हंड्यात पंधरा लिटर म्हणजे पंधरा किलो, भांड्याचे वजन वेगळे. चार-पाच खेपा, सगळ्या उठल्यानंतरच्या पहिल्या तासात, चकत्या जेव्हा सर्वांत भरलेल्या असतात तेव्हा. घरात पाण्याचा आणि मणक्याचा एवढा थेट संबंध होता आणि तो आम्ही कोणी पाहिला नाही. आई आता बहात्तर वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत मी तिच्याही खुणा भिंतीवर केल्या, रात्रीची आणि सकाळची. दोन खुणांमध्ये अर्ध्या सेंटिमीटरचेही अंतर नव्हते. डी पुकी यांच्या तक्त्यात म्हाताऱ्यांचे जसे भरते तसेच. गावात आता नळ आला आहे, पण तो पहाटे येतो आणि कळशी अजून तीच उचलते. मी तिला कळशी अर्धीच भरत जा म्हणतो. ती ऐकत नाही. नळ अर्धाच तास असतो.